साठवणीच्या खरेदीला निघण्याआधी हे वाचा

रायपूरमधल्या मराठी घरांना, आणि भाषा कुठलीही असो, गोल बाजारात किराणा भरणाऱ्या प्रत्येक घराला ही तातडीची विनंती आहे.

होळी झाली की आपल्याकडे साठवणीचे वेध लागतात. वर्षाची तूरडाळ, हळकुंडं, मिरच्या, धणे, सांडग्या-कुरडयांचं सामान. मालवीय रोडवरून आत वळलं की गोल बाजाराच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. यंदा त्या गर्दीत शिरण्याआधी एक काम करा. चहा, बिस्किटं, शेव-चिवडा, तेल, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, यांची घरात आत्ता असलेली पाकिटं संपली की केरात टाकू नका. किंमत, निव्वळ वजन आणि पॅकिंगचा महिना छापलेला असतो तेवढा तुकडा कापून ठेवा. पुढचं पाकीट आलं की दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

घाई अशासाठी की २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले आणि तेव्हापासून कंपन्यांची पाकिटं नव्यानं छापली जात आहेत. जुनं पाकीट एकदा कचऱ्याच्या गाडीत गेलं की त्यात किती ग्रॅम होते हे सांगायला घरात पुरावा राहत नाही. दुकानदाराला विचारावं तर उत्तर ठरलेलं : "भाभी, अभी यही आ रहा है." त्याचंही खोटं नाही. वरून येतं तेच तो विकतो.

पाकिटातला माल कमी होतो आणि किंमत तीच राहते, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. किती कमी होतो, याचा हिशेब मात्र आपण करत नाही. २०२२च्या उन्हाळ्यात या विषयावर देशभर बातम्या आल्या होत्या. दहा रुपयांचं हल्दीरामचं आलू भुजियाचं पाकीट ५५ ग्रॅमवरून ४२ ग्रॅमवर आलं होतं. दहा रुपयांची विम वडी १५५ ग्रॅमची १३५ ग्रॅमची झाली होती. दुकानात उभं राहून पाहिलं तर तेरा ग्रॅम म्हणजे काय, मूठभरही नाही. पण भुजिया किलोवर तोलून बघा. आधी किलोला १८२ रुपये पडत होते, नंतर २३८ पडू लागले. पाकिटाची किंमत एका पैशानं वाढली नाही आणि भाव ३१ टक्क्यांनी वाढला. वजनात घट २४ टक्क्यांची आणि भावात वाढ ३१ टक्क्यांची, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. घट ऐकायला नेहमीच कमी वाटते.

कंपन्यांची बाजू नाही असं नव्हे. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफुलाचं तेल अडकलं. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात जवळजवळ महिनाभर बंद ठेवली. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल परदेशातून येतं, म्हणजे तिथं दार लागलं की इथल्या कढईला चटका बसतो. सप्टेंबर २०२४मध्ये आपल्याच सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं, मे २०२५च्या अखेरीस ते साडेसोळावर आणलं. असे चढउतार सोसणाऱ्या कारखानदारानं पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटाची किंमत सहा आणि अकरा का केली नाही, तर सुट्ट्या पैशांची कटकट आणि दहाच्या नोटेवर ठरलेलं गिऱ्हाईक. हे सगळं समजतं. तक्रार आहे ती गुपचूपपणाची. किंमत वाढवली तर निदान आपण घ्यायचं की नाही ते ठरवतो. वजन कमी केलं तर ठरवण्याची संधीच काढून घेतली जाते. आणि तेल स्वस्त झाल्यावर ते तेरा ग्रॅम पाकिटात परत आले का, हे विचारणारं कुणीच नसतं, कारण जुनं पाकीट कुणी ठेवलेलं नसतं.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. पाकीटबंद मालासाठी १९७७पासून नियम होते, २०११मध्ये ते नव्यानं आले. त्यांच्या दुसऱ्या परिशिष्टात बिस्किटं, पाव, चहा, कॉफी, तेल, आटा, डाळी, मीठ, साबण अशा एकोणीस वस्तूंची यादी होती आणि त्या कोणत्या वजनांतच विकायच्या हे बांधून दिलेलं होतं. नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्ती काढून ते परिशिष्टच वगळलं. दुरुस्ती लागू व्हायची तारीख पुढे पुढे गेली, पण शेवटी ती लागू झाली. आता पाकीट ४१७ ग्रॅमचं काढलं तरी तो गुन्हा नाही. तेलाच्या पिशव्या बघा : ७५०, ८००, ८५०, ८७० ग्रॅम. दुरून सगळ्या लिटरच्याच दिसतात. समजा, लिटरची म्हणजे साधारण ९१० ग्रॅमची पिशवी १४२ रुपयांना आहे आणि शेजारची ८५० ग्रॅमची १३५ला. हात १३५च्या पिशवीकडे जातो. किलोचा भाव काढला तर पहिली १५६ला पडते, दुसरी १५९ला. स्वस्त म्हणून उचलली ती महाग निघाली.

तेलाबाबत आणखी एक गंमत झाली होती. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे लिटरभर तेलाचं वजन तापमानावर अवलंबून असतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९३च्या आसपास. काही पाकिटांवर चक्क ६० अंशांचं माप लिहिलेलं असायचं. आमच्या रायपूरच्या मे महिन्यातही ६० अंश होत नाही! ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं कंपन्यांना बजावलं की तापमानाचा उल्लेख काढा, आकारमानाबरोबर वजनही लिहा, आणि १५ जानेवारी २०२३पर्यंत छपाई सुधारा. म्हणजे ओरड झाली की सरकार हलतं. आधी ओरडायला मात्र कुणीतरी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

ठरावीक वजनं काढून घेताना त्याच दुरुस्तीनं बदल्यात एक गोष्ट दिली. पाकिटावर एकक दर छापायचा. वजन किलोच्या आत असेल तर एका ग्रॅमचा दर, किलोच्या वर असेल तर किलोचा. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होतं? एका पाकिटावर '₹०.५६ प्रति ग्रॅम' आणि शेजारच्या मोठ्या पाकिटावर '₹५३५ प्रति किलो'. दोन्हींची तुलना करायला हजारानं गुणा. चष्मा पर्समध्ये, मूल कडेवर आणि मागून गर्दीचा धक्का बसत असताना हे कुणी करत नाही.

यात दुसरी खोच आहे, ती मला पहिल्यापेक्षा जास्त गंभीर वाटते. दर रुपयात, दोन दशांश स्थळांपर्यंत छापायचा असतो. बेसनाची दोन पाकिटं घ्या. एक ४५० ग्रॅमचं, ७० रुपयांना. दुसरं ४०० ग्रॅमचं, ६५ रुपयांना. पहिलं किलोला १५५ रुपये ५६ पैसे पडतं, दुसरं १६२ रुपये ५० पैसे. किलोमागे सात रुपयांचा फरक. एका ग्रॅमचा दर छापताना मात्र दोघांवरही येतं '₹०.१६'. कायदा तंतोतंत पाळला आणि गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. एका ग्रॅमचा दर सांगणं म्हणजे मुंबईचं अंतर इंचांत सांगण्यासारखं आहे. बाजारात आपण भाव किलोत बोलतो, पावात बोलतो. मग दरही किलोचाच छापा, पाकीट लहान असो की मोठं. या आवाहनातली सरकारकडची पहिली मागणी हीच आहे, आणि ती पुरी करायला सरकारी तिजोरीतून एक रुपया खर्च होणार नाही.

आता हे सगळं रायपुरात एवढ्या तळमळीनं का सांगायचं, ते बघा. केंद्राच्या घरगुती खर्चाच्या २०२३-२४च्या पाहणीत माणशी मासिक खर्च सगळ्या राज्यांत सर्वांत कमी कुठे निघाला, तर छत्तीसगडमध्ये. खेड्यात २,७३९ रुपये, शहरात ४,९२७. देशातल्या शहरांची सरासरी ६,९९६ आहे. म्हणजे इथल्या शहरी घरात पाच माणसं असतील तर महिन्याचा सगळा खर्च पंचवीस हजारांच्या आत. घरभाडं, शाळा, दवाखाना, पेट्रोल, सगळं त्यातच. त्याच पाहणीनुसार देशातल्या शहरी घरांचा चाळीस टक्क्यांच्या आसपास खर्च खाण्यावर होतो, आणि खाण्यातला सगळ्यांत मोठा वाटा आता धान्याचा उरलेला नाही. तो पेयं आणि तयार, पाकीटबंद पदार्थांचा आहे. एकूण शहरी खर्चाच्या अकरा टक्के.

छत्तीसगडनं तांदळाची काळजी आधीच घेतली आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१२मध्ये, या राज्यानं स्वतःचा कायदा केला. रेशनचा तांदूळ घरात येतो, भात शिजतो. गरीब घराचा खिसा कापला जातो तो भातानंतर. फोडणीचं तेल, डाळ, चहाची पुडी, साखर, साबण, पोरांच्या डब्यातलं बिस्कीट. आणि हे सगळं पाच-दहा रुपयांच्या पाकिटांत. रोजीवर काम करणारी बाई संध्याकाळी पैसे मिळाले की दहाचं तेल, पाचची चहापुडी घेऊन घरी जाते. तिला "मोठं पाकीट घ्या, स्वस्त पडतं" हे सांगणं म्हणजे क्रूर थट्टा आहे. मोठ्या पाकिटाचे पैसे तिच्या हातात एकदम कधीच नसतात. सर्वांत लहान पाकीट तीच घेते आणि सर्वांत जास्त कात्री त्याच पाकिटाला लागते. त्यात दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटर आणि त्याहून लहान पुड्यांना या छपाईच्या नियमांतून बऱ्याच अंशी सूटच आहे. जिला माहितीची सगळ्यांत जास्त गरज, तिच्या पुडीवर ती नाही.

मध्यमवर्गीय घरांतली गफलत वेगळी. आपली महिन्याची यादी नगांवर चालते. चहा एक पाकीट, साबण सहा, तेल चार, बिस्किटं दहा. ही यादी वर्षानुवर्षं तीच असते, सासूबाईंच्या हातची असली तर अधिकच पवित्र. पाकिटं आतून रोडावली तरी यादीतले आकडे बदलत नाहीत. मग पंचविसाव्या तारखेला चहा संपतो आणि घरात चौकशी सुरू होते की हल्ली चहा जास्त कोण पितं. कोणी जास्त पीत नसतं. या महिन्यापासून यादी वजनात लिहा : चहा अर्धा किलो, तेल चार किलो, भांड्यांचा साबण सहाशे ग्रॅम. एवढ्या एका बदलानं निम्मी चोरी दिसायला लागते. चार महिन्यांच्या याद्या एका वहीत राहिल्या तर तो तुमच्या घराचा महागाई निर्देशांक होईल. ऑक्टोबर २०२५मध्ये सरकारी आकड्यांत अन्नधान्याची महागाई चक्क उणे पाच टक्क्यांवर गेली होती. भाज्या आणि डाळी खरोखर उतरल्या होत्या. पण ज्या घरात भाजी थोडी आणि पाकिटं फार, त्याला तो उतार कितपत जाणवला हे त्या घराची वहीच सांगू शकेल.

जीएसटीकडे परत येते, कारण आज हिशेब मागायचा तो तिथंच. बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ झाला. फरसाण, नूडल्स, सॉस, तूप, लोणी १२वरून ५वर आली. आंघोळीचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८वरून ५वर. मोठ्या पाकिटांच्या किमती खाली आलेल्या दिसतात. पाच आणि दहाच्या पाकिटांची किंमत तीच ठेवून वजन वाढवू, असं अनेक कंपन्यांनी सांगितलं. चांगली गोष्ट आहे. पण किती वाढायला हवं? हिशेब सोपा आहे. पाच रुपयांत १८ टक्के कर धरला तर मालाचे ४ रुपये २४ पैसे होत होते. ५ टक्के धरला तर ४ रुपये ७६ पैसे होतात. म्हणजे माल सव्वाबारा टक्क्यांहून थोडा जास्त वाढायला हवा. ५० ग्रॅमचा पुडा ५६चा. १२वरून ५वर आलेल्या वस्तूत ही वाढ पावणेसात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४२ ग्रॅमच्या शेवेचं पाकीट ४५च्या जवळ. तुमच्या डब्यातलं सप्टेंबर २०२५च्या आधीचं पाकीट आणि आजचं पाकीट शेजारी ठेवलं की कुणी कर उतरवला आणि कुणी खिशात घातला हे दिसेल. जुनं पाकीट घरात राहिलं नसेल तर माळ्यावर बघा, दिवाळीत आलेल्या भेटीच्या खोक्यांत बघा, रद्दीच्या पिशवीत बघा. शाळकरी पोरांना या कामाला लावा. गणिताच्या पुस्तकातल्या शेकडेवारीला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आणि वाढलेलं वजन तसंच राहतं का, यावरही लक्ष ठेवा. सहा महिन्यांनी ५६चे ५२ झाले तर कुणाला कळणार आहे?

गोल बाजाराचं आपल्यावर एक ऋण आहे, ते असं की इथं अजून सुटा माल मिळतो. पोत्यांच्या तोंडाशी पुठ्ठ्यावर किलोचा भाव लिहिलेला असतो. डाळ हातात घेऊन बघता येते, पोह्यांचा जाडेपणा बोटांत कळतो. महाराष्ट्रात ज्या पोह्यांचे कांदेपोहे होतात त्यातले कितीतरी आपल्या भाटापाऱ्याच्या गिरण्यांतून जातात. आपण मात्र ते अर्ध्या किलोच्या चकचकीत पाकिटात का घ्यावेत? साठवणीच्या ज्या वस्तू सुट्या मिळतात त्या सुट्याच घ्या : डाळी, पोहे, धणे, जिरं, मिरची, मीठ, साखर. पाकिटातून सुटका झाली की पाकिटाच्या खेळातूनही सुटका होते.

सुट्याचे धोके मी लपवणार नाही. हळदीची पूड सुटी घेऊ नका, हळकुंडं घ्या. बेसन सुटं घेऊ नका. आपल्याकडे तिवरा भरपूर पिकतो आणि तो चण्याच्या पिठात मिसळायचा मोह होतो. चणाडाळ घेऊन चक्कीवर समोर उभं राहून दळून आणा. तेल तर सुटं नकोच. काट्याकडे बघायची सवय लावा. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का, पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं आहे का, हे विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. आपला दुकानदार वीस वर्षांच्या ओळखीचा असतो, त्याला "भैया, काटा दिखाना" म्हणताना जीभ अडखळते हे खरं. पण ओळखीचा माणूस काटा हसत दाखवतो.

एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नाही. २०११च्या नियमांनुसार पाकीटबंद माल विकणाऱ्या करपात्र दुकानदारानं एका ग्रॅमपर्यंत तोलणारा, छापील पावती देणारा इलेक्ट्रॉनिक काटा दर्शनी जागी, गिऱ्हाइकांसाठी फुकट ठेवायचा आहे. पाकीट तुमच्यासमोर तोलून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. तोलताना थोडं तारतम्यही हवं. कारखान्यात भरताना होणाऱ्या फरकाला कायद्यानं मुभा दिली आहे. किलोच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत, १०० ते २०० ग्रॅमच्या पाकिटात साडेचार टक्क्यांपर्यंत. म्हणून एकच पाकीट तोलून भांडायला उठू नका. एकाच वस्तूची पाच-सात पाकिटं तोला. सगळीच कमी भरली तर मात्र ती चूक नाही, तो धंदा आहे. हे काम एकट्या घरानं होत नाही, कारण एका घरात एका वस्तूची सात पाकिटं नसतात.

म्हणून पाच घरांनी एकत्र या. तात्यापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात, चौबे कॉलनीत, लाखेनगरात, जिथं असाल तिथं. वेगळी संस्था काढू नका, अध्यक्ष निवडू नका, निवडला की दुसऱ्या बैठकीत भांडण ठरलेलं. फक्त साठवणीची यादी एकत्र करा. पाच घरांची तूरडाळ मिळून क्विंटलाच्या घरात जाते, आणि मग गोल बाजारातल्या चिल्लर दुकानाऐवजी गुढियारी किंवा डूमरतराईच्या थोक व्यापाऱ्याशी बोलता येतं. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचं घर त्या पाचांत एक असू द्या. तिचा वाटा तिनं आठवड्याच्या हप्त्यानं द्यावा. लहान पाकिटाच्या सापळ्यातून तिची सुटका करायचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

हे काही नवीन सांगत नाही. १९७२च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली, हातात लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली आणि तिनं घराघरांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करायची पद्धत रुजवली. ती आजही चालते. आणि रायपूरकरांनी मुंबईकडे तरी कशाला बघायचं? ज्यांच्या नावानं लाखेनगर आहे त्या वामनराव लाख्यांनी १९१३ साली इथं सहकारी बँक उभी केली, शेतकऱ्याला सावकाराच्या हातातून सोडवायला. एकट्यानं गेलं की भाव समोरचा सांगतो, मिळून गेलं की आपणही सांगू शकतो, हे या शहरातल्या मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. आज आपल्याला पतपेढी काढायची नाही, फक्त तूरडाळ मिळून आणायची आहे!

गोल बाजारातल्या दुकानदारांनाही विनंती आहे, आणि ती मित्रभावानं आहे. पोत्यांवर तुम्ही किलोचा भाव लिहिता, तसा तो खपाच्या दहा-पंधरा पाकिटांचाही खडूनं पाटीवर लिहा. कंपनीनं वजन घटवलं की पाटीवर तेवढं नोंदवा : 'वजन आधी इतकं, आता इतकं.' वजन घटवण्यात तुमचा फायदा नाही. शिव्या मात्र तुम्ही खाता. मोठ्या मॉलशी आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांशी तुमची स्पर्धा आहे. अशी पाटी तिथं कुणी लावणार नाही, तुम्ही लावू शकता. मी तरी पाटी असलेल्या दुकानातूनच सामान घेईन, आणि इतरांनाही तेच सांगेन.

फ्रान्समध्ये १ जुलै २०२४पासून चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना हे कायद्यानंच करावं लागतं. वजन घटलं आणि दर वाढला की दोन महिने त्या वस्तूजवळ तसं लिहून लावायचं. दक्षिण कोरियात ऑगस्ट २०२४पासून न सांगता वजन घटवणाऱ्या कंपनीला दंड होतो. ब्राझीलमध्ये तर २००२पासून पाकिटावरच सांगायचा नियम आहे. तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत. त्यातल्या काही तर आपल्याकडेही माल विकतात, म्हणजे कसं छापायचं हे त्यांना माहीत आहे.

तेव्हा सरकारकडे मागायचं ते इतकंच. दर किलोचा किंवा लिटरचा छापा, पाकीट कितीही लहान असो. वजन घटवलं तर सहा महिने पाकिटाच्या पुढच्या बाजूला जुनं आणि नवं वजन ठळक लिहा. आणि तेल, चहा, आटा, डाळ, मीठ, साबण यांची ठरावीक वजनं परत आणा. पहिल्या दोन गोष्टी झाल्या तर तिसरीसाठी मी फार अडून बसणार नाही. पण मागताना तिन्ही मागू या.

वजन खरोखर छापल्यापेक्षा कमी भरलं, छापील किमतीहून जास्त घेतले, किंवा दर छापलेलाच नाही, असं आढळलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि रायपूरच्या नापतौल विभागालाही लिहा. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, बॅच क्रमांक, बिल आणि काट्याची पावती सोबत हवी. बिल न घेता केलेली तक्रार पुढे जात नाही, म्हणून पन्नास रुपयांच्या खरेदीलाही बिल मागा. वजन कायदेशीरपणे घटवलं असेल, तर हेल्पलाइन त्यात फार काही करू शकत नाही. तिथं पत्रच लागतं : ग्राहक व्यवहार विभाग, कृषी भवन, नवी दिल्ली. प्रत आपल्या खासदारांना. पत्रात रागाचे शब्द नकोत. वस्तूचं नाव, जुनं वजन, नवं वजन, किंमत आणि दोन्ही पाकिटांचे महिने एवढंच लिहा, खाली कापून ठेवलेले दोन तुकडे चिकटवा, आणि पाचही घरांतल्या बायकांच्या सह्या घ्या. पहिली पत्रं पाडव्याच्या आत टपालात पडू देत.